मांडणीवरची भांडी आणि आपला इतिहास

पेसाह पंधरा दिवसांवर आला की आपल्या घराघरांतून एकच देखावा दिसतो. कपाटे रिकामी होतात, फळ्या पुसल्या जातात, भांडी जमिनीवर उतरतात, आणि त्या पसाऱ्यातून वाट काढताना घरातली तरुण मंडळी विचारतात, "हे जुने पितळ अजून कशाला ठेवले आहे?" या वर्षी आमच्याकडे हा प्रश्न विचारला जात असतानाच दूरवरून दुसरा एक प्रश्न आला, आणि त्या दुसऱ्यामुळे पहिल्याचे उत्तर शोधणे भाग पडले.

दुसरा प्रश्न आला तो ओमानमधील अल अमेरात येथून. अलिबागला आमच्या शेजारी राहणाऱ्या बालमैत्रिणीची नात लग्नानंतर तिकडे गेली आहे. नवऱ्याची नोकरी मस्कतला, आणि राहते घर डोंगरापलीकडे अल अमेरातला. आमच्या पासपोर्टावर तिथे जाणे सोपे नाही. तेव्हा तिने फोनवर पाठविलेली छायाचित्रे हीच आमची सफर. पहिल्या छायाचित्रात तिच्या घरमालकाची बैठकीची खोली होती. भिंतीत ओळीने कोनाडे, आणि प्रत्येक कोनाड्यात मोजके सामान: लांब चोचीची पितळी कॉफीची किटली, छोट्या कपांची चळत, ऊद जाळण्याचे पात्र, निळ्या नक्षीचा चिनी मातीचा वाडगा. दुसऱ्या छायाचित्रात तिचे स्वतःचे स्वयंपाकघर होते. अलिबागहून नेलेली स्टीलची मांडणी, तीत ताटे उभी, वाट्या पालथ्या, आणि सर्वांत वर आजीने दिलेला तांब्याचा हंडा. खाली तिने लिहिले होते: "आजी, आमच्या घरमालकीणबाई विचारतात, तुमच्याकडे भांडी अशीच लावतात का? मी आमच्याकडची रीत सांगितली. पण तुमच्या घरी कशी लावायचे हो? आमची आजी म्हणते, तुमच्या आईसारखी मांडणी आळीत कुणाची नव्हती."

आम्ही आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले. या मुलीच्या प्रश्नाला मात्र आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. ते उत्तर जुळवता जुळवता जे ध्यानात आले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम अल अमेरातविषयी. मस्कत गव्हर्नरेटच्या सहा विलायतींपैकी ही एक. मस्कत शहराच्या मागे, उघड्या डोंगरांच्या आत वसलेली. क्रिकेट पाहणाऱ्यांनी हे नाव ऐकले असेल, कारण २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचे पहिल्या फेरीतील सामने तिथल्या मैदानावर झाले. या भागाला पूर्वी 'मुतहद्दिमात' म्हणत, म्हणजे पडझड झालेली वस्ती. सुलतान काबूस यांच्या काळात ते नाव बदलून 'आमिरात' झाले, म्हणजे वसलेली, नांदती ठिकाणे. ज्या अरबी धातूपासून हा शब्द आला, त्याच धातूपासून आपला मराठी 'इमारत' हा शब्द आला आहे. तेव्हा नाव परके वाटले तरी त्याचे मूळ आपल्या बोलीत शेकडो वर्षे नांदते आहे. 'संदूक' आणि 'मजलस' हे शब्दही असेच मुळात अरबी.

ओमानी घरातील कोनाड्याला 'रोझना' म्हणतात; अनेकवचनी 'रवाझिन'. जुन्या घरांच्या भिंती जाड. त्या भिंतीतच जागा सोडून हे कोनाडे करीत, आणि पुस्तके, किटल्या, वाडगे, अत्तराच्या कुप्या त्यांत ठेवीत. लाकूड दुर्मिळ असलेल्या देशात भिंत हेच कपाट. जमिनीवर कोपऱ्यात पितळी खिळ्यांनी मढविलेली 'मंदूस' नावाची पेटी असे. नवरीचे कपडे, दागिने आणि कागदपत्रे तिच्यात राहत. अशा पेट्यांपैकी कितीतरी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबतांतून तिकडे गेल्या. मस्कतमधील बैत अल झुबैर हे १९१४ साली बांधलेले घर १९९८ पासून संग्रहालय झाले आहे. असे सामान तिथे पाहावयास मिळते. आपण इस्राएलमध्ये 'फिंजान' म्हणतो ती कॉफीची किटली. तिकडे फिंजान म्हणजे कप, आणि किटली ती 'दल्ला'. वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात गेली की नावही थोडे सरकते.

ही देवघेव जुनी आहे. इ. स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपल्या अलिबाग तालुक्यातील चौल, रेवदंड्याला लागूनच. ओमान, बसरा, बगदाद व सिराफ येथून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची तिथे मोठी वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या किनाऱ्यावर, नवगावाजवळ, आपले पूर्वज गलबत फुटून लागले असे आपण मानतो, त्याच किनाऱ्यावर ओमानची माणसे हजार वर्षांपूर्वी घर करून राहत होती.

त्याच शतकातील 'अजाइब अल-हिंद' या अरबी ग्रंथात ओमानमधील एका यहुदी व्यापाऱ्याची हकीकत आहे. इसहाक बिन यहुदा हे त्याचे नाव. तो थोड्याशा दिनारांच्या भांडवलावर सोहारहून निघाला, हिंदुस्थान व चीन फिरून सुमारे तीस वर्षांनी स्वतःच्या जहाजातून परतला, आणि ओमानच्या अधिपतीला त्याने काळ्या चिनी मातीचे, सोन्याच्या झाकणाचे एक पात्र नजर केले. पुढे १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या वेलस्टेड या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या प्रवासवर्णनात मस्कतमधील यहुद्यांचा उल्लेख आहे. बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून ते १८२८ साली तिथे आले. त्यांतील काही चांदीचे दागिने घडवीत, काही सराफी करीत. आज त्यांची घरे नाहीत. त्यांच्या कोनाड्यांत किद्दुशचा पेला कोठे असे, शब्बाथचा दिवा कोठे टांगलेला असे, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. राजाला दिलेल्या पात्राची हकीकत ग्रंथात राहिली. रोजच्या भांड्यांची राहिली नाही.

इथेच आम्ही थबकलो. आपल्या बाबतीतही तेच होऊ घातले आहे काय?

आपल्या समाजावर लिहिले गेलेले कमी नाही. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपला इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. मुंबई इलाख्याच्या सरकारी गॅझेटियरांतही बेने इस्राएलांवर मजकूर आहे. दाराच्या उजव्या चौकटीवरची मेझूझा, घरसामान, भांडीकुंडी यांची त्यांत नोंद आढळते. पण कोणते भांडे कोठे आणि का ठेवीत, हे यादीत सापडत नाही. यादी करणाराला भांडी दिसतात. घरच्या बाईला मांडणी दिसते.

म्हणून आता आमच्या आईची मांडणी जशी आठवते तशी सांगतो. घर अलिबागच्या इस्राएल आळीतले. स्वयंपाकघराच्या एका भिंतीला लाकडी मांडणी होती, तिच्या शेजारी भिंतीतले फडताळ, चुलीच्या बाजूच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, आणि समोरच्या भिंतीत दोन कोनाडे. मांडणीच्या सर्वांत वरच्या फळीवर तीन मोठ्या वस्तू: मधोमध मलिद्याचा पितळी थाळा भिंतीला टेकून उभा, आणि दोन्ही बाजूंस दोन पराती. त्याखाली तपेली आणि पातेली, डावीकडून उजवीकडे मोठ्याकडून लहानाकडे. त्याखालच्या खाचांत ताटे उभी. मग तांबे, आणि प्रत्येक तांब्याच्या तोंडावर पालथे फुलपात्र. तळाला हंडा आणि कळशी, कारण भरलेले पाणी कोणी वर चढवीत नाही. बाजूच्या खुंट्यांना पळी, झारा, उलथने आणि ओगराळे.

ही सारी मांडणी सागुतीच्या बाजूची. दुधाचे पातेले, दह्याचे मडके आणि चहाची भांडी समोरच्या कोनाड्यात, आणि त्या कोनाड्याचे पुसायचे फडकेही निराळे. मधून चूल गेलेली. आमच्याकडे खेळायला येणारी ही बालमैत्रीण आपल्या घरी कांदालसूणही मोजून शिजविणाऱ्यांतली, तिने आईला एकदा विचारले, "मावशी, या दोन भिंतींचे भांडण आहे का?" आई म्हणाली, "भांडण नाही गं, सोवळे आहे. तुमचे जसे असते तसे आमचे." मुलीला तेवढ्याने समजले. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही तोरातली आज्ञा आम्ही शाळेत जाण्याआधी त्या दोन भिंतींवरून शिकलो. आमच्या कालवणात नारळाचे दूध का असते, हेही तिथेच कळले.

दुसऱ्या कोनाड्यात शब्बाथचे सामान: किद्दुशचा काचेचा पेला, काळ्या मनुका भिजवून काढलेल्या शरबताची सुरई, आणि सब्ज्याची डहाळी ठेवायचे लहान फुलपात्र. वर आढ्याला काचेचा टांगता दिवा. खाली पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात. शुक्रवारी सकाळी चिंच आणि राख घेऊन नारळाच्या शेंडीने सगळे पितळ घासले जाई. दुपारी परसदारातून ऊन आत येई ते नेमके मधल्या फळीवर पडे, आणि ती ओळ अशी झळके की शेजारणी निमित्त काढून पाहावयास येत. आई लाजून म्हणे, "शब्बाथचे काम आहे, माझे कौतुक काय त्यात?"

या उत्तरात सारे आले. ती भांडी शोभेसाठी लावलेली नव्हती, तरी शोभत होती. मोठ्याकडून लहानाकडे लावली की अंधारातही हात बरोबर भांड्यावर पडतो. फुलपात्र पालथे घातले की पाण्यात पाखरू पडत नाही. सागुतीचे आणि दुधाचे समोरासमोरच्या भिंतींवर ठेवले की घाईतही चूक होत नाही. मलिद्याचा थाळा वर ठेवला की त्यात रोजचे काही वाढले जात नाही. प्रत्येक जागेला कारण होते. त्या साऱ्या कारणांची मिळून जी रांग झाली, तिलाच बघणारे सुंदर म्हणत.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या पूर्वजांजवळ कित्येक शतके सेफेर तोरा नव्हता. हिब्रू वाचता येत नव्हते. शेमा तेवढा तोंडपाठ होता. मग यहुदीपण राहिले कशात? दाविद राहाबींची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. हे शनिवार तेली खरोखर इस्राएलच आहेत काय हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधावयास सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. राहाबी कोणत्या शतकात आले यावर विद्वानांचा वाद आहे, तो असो. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की आपली ओळख ग्रंथावरून पटली नाही. ती स्वयंपाकघरात, विळीपाशी पटली. आणि ती परीक्षा ज्यांनी दिली त्यांतील एकीलाही अक्षर येत नव्हते.

आपल्या सणांची जुनी मराठी नावे पाहा. योम किप्पूरला आपण 'दारफळणीचा सण' म्हणत आलो, म्हणजे दारे लावून घरात राहण्याचा दिवस. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. तिश्री महिन्यात 'खिरीचा सण'. तिशा बेआवचा उपास तो 'बिरड्याचा रोजा'. आणि पेसाह? त्याचे जुने नाव 'अनशी ढाकायचा सण'. अनस म्हणजे तोंडी लावण्याच्या आंबट रसाचे मातीचे मडके. ते वर्षभर हाताशी उघडे. सणाच्या दिवसांत मात्र त्याचे तोंड झाकून ठेवायचे, असा अर्थ परंपरेने सांगतात. मिसरातून सुटकेची सारी कथा विस्मरणात गेली, हग्गादा गेला, पण खमीर आणि आंबट यांपासून घर दूर ठेवायचे एवढे लक्षात राहिले, आणि ते एका झाकलेल्या मडक्याच्या रूपाने राहिले. दार, खीर, बिरडे, मडके: आमच्या मते हे आपले पहिले पंचांग. ते भिंतीवर टांगलेले नव्हते. स्वयंपाकघरात मांडून ठेवलेले होते.

पुस्तके नंतर आली. १७९६ साली मुंबईस शाआर हाराहामीम, आपली जुनी मशीद, उभी राहिली. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. १८४६ साली मुंबईत मराठी अर्थासह हग्गादा निघाला, आणि १८७४ साली पुण्यात दुसरा. त्या पुण्याच्या हग्गादातील एक चित्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे. त्यात मात्सा करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. युरोपातल्या हग्गादांची चित्रे समोर असताना चितारणाऱ्याने आपले स्वयंपाकघर आत आणले. ज्यांनी इतकी शतके सण सांभाळला त्या बायका अखेर पुस्तकात आल्या.

पुस्तके आली ही आनंदाची गोष्ट. पण पुस्तक आल्यावर मडक्याकडे लक्ष कमी झाले. पुढे स्थलांतर आले, आणि मडके फुटले.

आमचे घर निघाले तेव्हा काय न्यायचे यावर आठ दिवस खल चालला. पेट्यांचे वजन ठरलेले. आईची मांडणी पहिल्यांदा भिंतीपासून सुटली आणि मागची भिंत पांढरी, कोरी दिसली. जणू तिथे कुणी राहतच नव्हते. हंडा, घंगाळ, तपेली मोडीवाल्याने तराजूत घातली. त्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नावे कोरलेली होती. लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची रीत कोकणात सगळ्यांचीच. देणाऱ्याचे नाव, घेणारीचे नाव, कधी गाव, कधी सन. आजीच्या हंड्यावर तिचे माहेरचे गाव होते. ते गाव दुसऱ्या कोणत्याही कागदावर नाही, हे आम्हांला कळले ते फार नंतर, जेव्हा विचारावयास कोणी उरले नव्हते. मोडीवाल्याचा दोष नाही. त्याने तांब्याचे वजन केले. अक्षरांचे वजन करावयाचे काम आमचे होते.

त्याच सुमारास, आम्ही शाळेत असताना, इस्राएलमधून येणारी पत्रे वडील मोठ्याने वाचून दाखवीत. विवाहासाठी बेने इस्राएलांची वंशावळ तपासावी असा आदेश निघाला होता. आपल्या लोकांनी येरुशलाईममध्ये निदर्शने केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत. तो लढा ज्यांनी दिला त्यांचे उपकार आपण विसरू नयेत. परंतु आज मनात येते, की मागच्या पिढ्यांचा पुरावा मागितला गेला तेव्हा आपण कागद शोधीत होतो. आणि नावे, गावे, सन कोरलेली भांडी त्याच वर्षांत अलिबाग, पेण, पनवेल, रोहे येथून मोडीत जात होती. ती नेऊन वाद मिटला असता असे आमचे म्हणणे नाही. पुरावा कशाला म्हणावे हे आपल्यालाच उमगले नव्हते, एवढेच म्हणणे आहे.

इस्राएलला आल्यावर सोखनूतच्या लोखंडी खाटा, घोंगड्या आणि दोन खोल्यांचा शिकून. तिथे कोनाडे नव्हते. भिंती सिमेंटच्या आणि पातळ. दिमोना, बैर शेवा, लोद, अश्दोद, कोठेही जा, आपल्या बायकांनी पहिल्या महिन्यात काय केले ते एकमेकींना विचारा. आमच्या आईने संत्र्यांच्या फळकुटांच्या पेट्या एकावर एक रचून मांडणी केली. वर थाळा, खाली पातेली, मग ताटे. दूध समोर. घर तेच झाले. शेजारच्या मोरोक्कोहून आलेल्या बाईंना हिब्रू जेमतेम, आईला तर मुळीच नाही. पण त्यांनी आत येऊन दोन्ही भिंती पाहिल्या, मान डोलावली आणि बसल्या. त्यांनी आमची वंशावळ विचारली नाही.

आता आमची स्वतःची चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. पुढे नवे घर झाले, टाइलचे स्वयंपाकघर आले, बंद कपाटे आली. सलूनमध्ये टीव्हीच्या वर भिंत मोकळी दिसत होती. 'आपली संस्कृती दिसावी' म्हणून आम्ही मलिद्याच्या थाळ्याच्या काठाला भोक पाडले आणि तो भिंतीवर टांगला. शेजारी दोन तांबे ठेवले, त्यांत प्लास्टिकची फुले. पाहुणे वाहवा करीत. आई काही बोलली नाही. पुढच्या वेळी एलियाहू हनाबीचा मलिदा झाला, तेव्हा तिने पोहे, नारळ, खजूर आणि फळे एका काचेच्या बशीत लावली. थाळा तिच्या डोक्यावर भिंतीला लटकत होता, आणि ती बशीसमोर बसली होती. आम्ही शाळेत मुलांना इतिहास शिकवीत होतो, आणि घरात तो खिळ्याला टांगून ठेवला होता. आई गेल्यावर काही वर्षांनी हे आमच्या लक्षात आले.

वस्तू जपणे आणि मांडणी जपणे यांत हा फरक आहे. येरुशलाईमच्या इस्राएल म्युझियमने १९९५ साली भारतातील यहुद्यांवर मोठे प्रदर्शन भरविले. आपल्या घरांतील कितीतरी वस्तू काचेमागे मानाने ठेवल्या गेल्या, आणि ते योग्यच झाले. पण संग्रहालय एक थाळा ठेवू शकते. थाळा वरच्या फळीवर का, आणि दुधाचे पातेले समोर का, हे ज्या घरात रोज हात फिरतो तिथेच कळते. अल अमेरातच्या त्या बैठकीतल्या किटल्या आम्हांला आवडल्या त्या याच कारणाने. मैत्रिणीच्या नातीने कळविले, की पाहुणा आला की घरमालकीणबाई त्याच कोनाड्यातली किटली काढतात, कॉफी देतात, धुऊन पुसून पुन्हा तिच्याच जागी ठेवतात. कोनाडा रिकामा दिसला की मुलांना समजते, घरात पाहुणे आहेत.

तेव्हा तिच्या प्रश्नाला आम्ही वर लिहिलेली सारी मांडणी फळीफळीने लिहून पाठविली. तिने ती घरमालकीणबाईंना वाचून दाखविली म्हणे, आणि दोन भिंतींची गोष्ट त्यांना फार आवडली. तिने आणखी एक विचारले: "माझ्या हंड्यावर आजीच्या आईचे नाव आहे, ते घासून घासून पुसट झाले आहे. काय करू?" त्याचे उत्तर आम्ही तिला दिले तेच वाचकांनाही देतो.

पेसाहच्या सफाईत भांडी खाली उतरतीलच. ती परत ठेवण्याआधी, किंवा कोणाला देऊन टाकण्याआधी, चार कामे करावीत. एक, कोरलेल्या नावावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवावी. पुसट अक्षरेही उमटतात. त्या कागदावर भांडे कोणाचे, कोणी दिले, हे लिहावे. दोन, घरात वडीलधारे माणूस असेल तर त्याला एकट्या भांड्याविषयी विचारू नये. "तुमच्या घरी हे कोठे असे, आणि त्याच्या शेजारी काय असे?" असे विचारावे. एका भांड्याची आठवण लवकर संपते. शेजारच्याची निघाली की सारी भिंत उभी राहते. तीन, रोहे, चौल, मुरुड, नवगाव, मुंबई, जेथून आपले घर आले तेथील मांडणीचे साधे चित्र कागदावर काढावे. चित्रकला येत नसली तरी चौकोन काढून नावे घातली तर पुरे. चार, निदान एक भांडे वापरात आणावे. शब्बाथला त्यातून पाणी वाढावे. वापरातल्या भांड्याबद्दल मुले विचारतात. टांगलेल्याबद्दल विचारीत नाहीत.

हे कागद याच अंकाकडे पाठविले तर पुढे कोणीतरी अभ्यासू तरुण ते एकत्र ठेवून पाहील. कोणत्या गावी दूध कोणत्या भिंतीला, कोठे शब्बाथचा दिवा माजघरात आणि कोठे स्वयंपाकघरात, मुंबईच्या चाळीत गेल्यावर काय बदलले, आणि नेगेवमध्ये आल्यावर काय तगले, हे त्यातून कळेल. केहिमकरांच्या ग्रंथात जे नाही ते पान आपल्यालाच भरावयाचे आहे, आणि त्याची साक्ष देणारी माणसे आज आमच्या वयाची किंवा त्याहून मोठी आहेत.

आमचे म्हणाल तर भिंतीवरचा थाळा आम्ही खाली काढला आहे. चिंच लावून घासला. भोक तसेच आहे. ते बुजविणारा तांबट इथे कोठून आणावा? पण मलिद्याला थाळ्यावर पान पसरतातच, आणि पानाखाली भोक दिसत नाही. पेसाह झाला की पहिला मलिदा त्यातच लावू. मग तो धुऊन, पुसून, स्वयंपाकघराच्या सर्वांत वरच्या फळीवर, मधोमध, भिंतीला टेकून उभा ठेवू.

सर्वांना हाग समेआह.